मामांची मिशी आणि न बिघडणारी चकती

बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय करायचं ते ठरेपर्यंत मला येवल्याहून नाशिकला मामांकडे पाठवण्यात आलं. ते ठरायला सहा वर्षं लागली.

पंचवटीत, दिंडोरी रोडला मामांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. नव्वदच्या दशकात तिथे सकाळपासून खडखडाट चालायचा. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की आत कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे हलवतंय. नंतर टायपिंगला मुलं येईनाशी झाली, तेव्हा मामांनी सहा जुने कॉम्प्युटर घेतले आणि दारावर ‘इंटरनेट’ अशी पाटी लावली. खाली दुकान, वर मामा-मामींचं घर. दुकानाचा तांत्रिक विभाग माझ्याकडे आला, कारण मी सायन्सची. माझा विषय वनस्पतिशास्त्र होता, पण हे मामांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दुकान चालायचं बरं, पण कॉम्प्युटर टिकायचे नाहीत. व्हायरस वगैरे होतेच. त्याहून मोठी दोन कारणं घरातली होती. पहिलं कारण मामी.

मामींना घाण सहन होत नसे. आधी त्या कॉम्प्युटर बाहेरून पुसायच्या. मग माझं बघून बघून त्यांना माऊस चालवता येऊ लागला आणि त्या आतूनही साफ करू लागल्या. एके दिवशी दुपारी मी जेवून खाली आले तर मामी चार नंबरच्या मशीनसमोर पदर खोचून बसलेल्या.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “एका कप्प्यात आठशे फायली निघाल्या. नावं तरी बघ एकेकाची. एकाला अर्थ नाही. कुणी न्यायलाही येत नाही.”

“मग?”

“काढून टाकल्या. आता कसं मोकळं वाटतंय.”

चार नंबर त्यानंतर सुरू झाला नाही. मोकळं मात्र वाटत होतं.

दुसरं कारण गुरुजी. हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर रोज अकराला येत आणि एक तास बसत. सभ्य माणूस. त्यांचा सभ्यपणाच आम्हाला भोवायचा. स्क्रीनवर काहीही विचारणा आली की गुरुजी ‘हो’ दाबायचे. तुम्हाला अमुक बसवायचं आहे का? हो. तमुक फुकट हवं आहे का? हो. त्यांच्या मशीनवर बाणाच्या जागी मोर नाचायचा, कोपऱ्यात एक माकड बसून गुरुजींना इंग्रजीत विनोद सांगायचं, आणि पानं उघडायला इतका वेळ लागायचा की गुरुजी तेवढ्यात समोर जाऊन चहा पिऊन यायचे.

“गुरुजी, नाही म्हणत चला ना,” मी एकदा काकुळतीला येऊन म्हटलं.

“अगं, एवढं अगत्यानं विचारतोय तो,” गुरुजी म्हणाले, “तोंडावर नाही कसं म्हणायचं?”

परिणाम असा की दर रविवारी मी सहाही मशीन आतून कोरी करून पुन्हा पहिल्यापासून सगळं चढवत बसायची. माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात फ्लॉप्या होत्या. त्यातली एक कायम खराब निघायची, आणि ती नेमकी कोणती हे शेवटच्या टप्प्यावर कळायचं. सोमवारी सगळं लखलखीत. बुधवारपर्यंत मोर परत.

आमच्याकडे नेटसाठी येणारे पॉलिटेक्निकचे एक सर हे सगळं बघत होते. शांत माणूस, खिशाला चार पेनं. एकदा त्यांनी बॅगेतून एक सीडी काढून माझ्यापुढे ठेवली. “यात लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालणारं,” ते म्हणाले. “मशीनमध्ये काही चढवायचं नाही. चकती घालायची आणि सुरू करायचं. सगळं चकतीवरून चालतं. आणि चकतीवर कुणाला काही लिहिता येत नाही, त्यामुळे बिघडवताही येत नाही.”

मामा गल्ल्यावरून म्हणाले, “सर, आमच्याकडे बिघडवणारे कोण आहेत ते तुम्हाला माहीत नाही.”

“मग लावा पैज,” सर म्हणाले.

अशी ती पैज लागली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चार नंबरवर चकती घातली, हार्ड डिस्कची वायर काढून बाजूला ठेवली, आणि मामी व गुरुजींना एक तास दिला. हवं ते करा, सर म्हणाले. दोघांनाही आपल्याला का बोलावलं आहे ते नीटसं कळलं नव्हतं. गुरुजींना वाटलं सत्कार आहे, म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

मामींनी सुरुवात केली. त्यांना दिसेल ते त्यांनी काढलं. खालची पट्टी काढली, चित्रं काढली, घड्याळसुद्धा काढलं, कारण भिंतीवर एक होतंच. मग गुरुजी बसले. त्यांनी सगळी अक्षरं जांभळी केली, बाण पालथा केला, आणि जिथे जिथे ‘हो’ होतं तिथे मनापासून होकार दिला. पाऊण तासात स्क्रीन पार काळी पडली. मामांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. बायकोबद्दल इतका अभिमान मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिला नव्हता.

सरांनी उठून मशीन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटं चकती घुंई घुंई फिरली, आणि सकाळी होती तशीच स्क्रीन समोर आली. पट्टी जागेवर. चित्रं जागेवर. घड्याळही.

मग मामी म्हणाल्या, “म्हणजे मी एवढं आवरलं ते फुकटच?”

“फुकटच,” सर म्हणाले.

“मग उद्या परत आवरता येईल?”

“रोज येईल.”

मामी खूश झाल्या. मीही. सरांनी सहाही मशीनसाठी तशा चकत्या करून दिल्या आणि पुढच्या रविवारी मी कित्येक महिन्यांनी दुपारी झोपले.

त्या चकत्यांवर नंतर एकदाच संकट आलं. एक चकती धुळकट दिसली म्हणून मामींनी ती तांब्याची भांडी घासायच्या पावडरीने घासली. ती आरशासारखी चमकली आणि कायमची गेली. सरांना सांगितलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, “हा मुद्दा बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेला नसणार.” तेव्हापासून प्रत्येक चकतीच्या दोन कॉप्या ठेवल्या.

गिऱ्हाइकांना सवय लागायला वेळ गेला. मशीन बंद केलं की तुमचं सगळं जाणार, हवं असेल तर फ्लॉपीवर घ्या, असं आम्ही भिंतीवर लिहिलं होतं. गुरुजी ते वाचायचे, मान डोलवायचे आणि फ्लॉपी आणायचे नाहीत. ते रोज माऊसने रामकुंडाचं चित्र काढायचे. रोज ते जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपासून. मला वाईट वाटून मी एकदा त्यांना न विचारता चित्र जपून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी उघडून दिलं. गुरुजींनी ते चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “हे कालचं आहे. मला आता याच्यापेक्षा चांगलं येतं.” आणि बंद केलं.

अडचण एकच होती. त्या चकतीवर मराठी नीट दिसायची नाही. वेलांट्या अक्षराच्या मागे जायच्या आणि जोडाक्षरं फुटायची. मामा टायपिंगचे मास्तर. त्यांना हे बघवेना. सरांनी मग मला नवी चकती बनवायला शिकवलं. जुन्या चकतीला हात लावायचा नाही. तिच्यातलं सगळं सरांच्या मोठ्या मशीनवर उतरवायचं, तिथे हवा तो बदल करायचा आणि कोऱ्या चकतीवर चढवायचं. मी ती बनवली आणि मार्करने तिच्यावर ‘२’ असं लिहिलं.

दोन नंबरची चकती आम्ही नेमकी कसल्याशा भरतीचे फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी लावली. बाहेर रांग. मराठी सुरेख दिसत होती. फक्त प्रिंटर दिसत नव्हता. पहिला फॉर्म छापायला दिला, प्रिंटर ढिम्म. रांगेतली माणसं काचेला नाक लावून आत बघू लागली.

“मामा, नव्या चकतीत काहीतरी राहिलंय.”

“जुनी कुठे आहे?”

“ही काय.”

“मग घाल की. घाबरतेस कशाला?”

घातली. पाच मिनिटांत सहाही मशीन कालच्या जागेवर गेली आणि प्रिंटर करकरायला लागला. शेवटचा फॉर्म संध्याकाळी पाचला छापला गेला. माझ्याकडून काय चुकलं ते मी पुढच्या आठवड्यात शोधलं आणि तीन नंबरची चकती बनवली. तिच्यात मराठीही होती आणि प्रिंटरही.

पण मामांवर त्या दिवसाचा जो परिणाम झाला तो वेगळाच. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा कळलं की नवीन करून बघता येतं आणि नाही जमलं तर मागे जाता येतं. तोवर त्यांनी आयुष्यात काहीच बदललं नव्हतं. चपलेचा नंबर आणि चपलेचं दुकानही लग्नाच्या आधीचं होतं. आता त्यांना वारं लागलं.

दुकानाला गुलाबी रंग द्यायचा ठरवला. एक भिंत मात्र पिस्त्याच्या रंगाची तशीच ठेवली, न जाणो नाही आवडला तर. नवा चष्मा केला आणि जुना गळ्यात दोरीने अडकवून ठेवला. मामींना म्हणाले, कारल्याची भाजी नव्या पद्धतीने कर, पण जुन्या पद्धतीची वाटीभर बाजूला असू दे. मामींनी त्या दिवशी दोन्ही केल्या. दुसऱ्या दिवशी एकही केली नाही आणि म्हणाल्या, “आज परवावर जा. परवाची आमटी आहे.”

आणि मग एका सकाळी मामांनी मिशी काढली.

ही मिशी साधी नव्हती. मामांचं डोकं तिशीतच तुळतुळीत झालं होतं, त्यामुळे चेहऱ्यावर केस म्हणावेत असे तेवढेच. मी खाली दुकान उघडत होते. गुलाबी भिंतीपुढे एक अनोळखी माणूस उभा राहून मला म्हणाला, “कशी वाटते?” मी म्हटलं, “नेट दहाला सुरू होईल.” मग मी आवाज ओळखला.

अकराला गुरुजी आले. त्यांनी मामांना नमस्कार केला आणि अदबीने विचारलं, “मालक नाहीत वाटतं आज?”

“मीच आहे, गुरुजी.”

गुरुजी जवळ आले, बघितलं, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “बंद करून चालू करून बघितलंस का?”

मामी वरून आल्या तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या, “मिशीची जुनी कॉपी कुठे ठेवलीत?” तेव्हा कुठे मामांच्या लक्षात आलं. त्यांनी आरशात पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर चिंता दिसली. “महिन्याभरात येईल,” ते म्हणाले.

मामा रोज सकाळी रामकुंडाकडे फिरायला जायचे. त्या दिवसांतही गेले. आता नाशिकच्या माणसाला हे सांगायला नको की गुळगुळीत डोक्याचा, बिनमिशीचा माणूस सकाळी रामकुंडावर उभा दिसला तर त्याचा अर्थ काय होतो. मामांचे देवळ्याचे मावसभाऊ कांद्याची गाडी घेऊन आले होते. त्यांनी लांबून पाहिलं. मिशी गेलेली, चेहरा चिंताक्रांत. त्यांनी हाक मारली नाही, कारण अशा वेळी मारत नाहीत. त्यांनी सरळ देवळ्याला जाऊन सांगितलं की नांदगावचे बाबा गेले.

नांदगावचे बाबा म्हणजे मामांचे वडील, माझे आजोबा. रेल्वेतून निवृत्त होऊन नांदगावात एकटे राहायचे, वय ब्याऐंशी, आणि तब्येत मामांपेक्षा चांगली.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास देवळ्याचे मावसभाऊ, त्यांची बायको आणि थोरले बंधू असे तिघे जिना चढून वर आले. पुरुषांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. मामी त्या दिवशी घरात असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं, पण त्या भिशीच्या बायकांबरोबर सहलीला गेल्या होत्या. तिघे खाली माना घालून सतरंजीवर बसले. मामांना वाटलं त्यांच्याकडेच काहीतरी वाईट झालंय, म्हणून तेही मान खाली घालून बसले.

“वहिनी?” थोरल्यांनी विचारलं.

“त्र्यंबकेश्वरला गेल्यात,” मामा म्हणाले.

तिघांनी समजून माना हलवल्या. विधी तिथे करणार असावेत.

“कसं झालं?” मावसभाऊंनी हळू आवाजात विचारलं आणि मामांच्या ओठाकडे पाहिलं. मामांचा हात आपोआप तिथे गेला.

“काही नाही. सकाळी उठलो, मनात आलं आणि झालं.”

“एकाएकीच म्हणायचं.”

“पाच मिनिटांचं काम.”

“त्रास?”

“थोडी जळजळ. बाकी काही नाही.”

“सुटका झाली,” मावसभाऊंची बायको डोळ्याला पदर लावून म्हणाली.

“हो, आता सुटसुटीत वाटतं,” मामा म्हणाले. “पण इतक्या वर्षांची सवय. सारखा हात जातो.”

थोरल्यांना हुंदका आला. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “एवढं मनाला लावून घेऊ नका, दादा. महिन्याभरात परत येणार आहे.”

थोरल्यांनी डोळे पुसून मावसभाऊंकडे पाहिलं. मी चहा घेऊन दारातच थांबले होते. काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं, पण नेमकं काय ते समजत नव्हतं. माझ्या तर्काने थोरल्यांचं मिशीवर भलतंच प्रेम असावं.

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला आणि आजोबा आत आले. हातात पिशवी, डोक्याला फेटा, अंगावर प्रवासाचा कोट. बसलेल्यांकडे त्यांनी एकदा बघितलं, खुर्ची ओढून बसले आणि खालच्या आवाजात विचारलं, “कोण गेलं?”

मावसभाऊंची बायको जी ओरडली ती खाली गिऱ्हाइकांनाही ऐकू गेली. मावसभाऊ उठून भिंतीला टेकले. थोरल्यांनी डोक्यावरची टोपी काढली, बघितली आणि पुन्हा घातली.

“काल मला फोन आला,” आजोबा म्हणाले. “बाई म्हनली, नांदगावचे बाबा गेले, लय वाईट झालं. मी म्हनलं, कधी? म्हनली, परवा. मी म्हनलं, मला कसं नाय सांगितलं कोनी? तिनं फोन ठिवून दिला. म्हनलं, जाऊन बघावं.” मग त्यांनी मामांकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. “आन् तू माझ्या जिवंतपनी मिशी काढलीस व्हय?”

“बाबा, तसं काही मनात नव्हतं.”

“मग काय व्हतं मनात?”

“करून बघावं म्हटलं. नाही जमलं तर मागे जायचं.”

“मागं कुठं जायचं?”

मामांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून मी चहा खाली ठेवला आणि चकतीचं सगळं सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “आमी नवी लाइन टाकली तर जुनी लगेच उखडत नव्हतो. नवीवरून आधी मोकळं इंजिन न्यायचं. ते गेलं तर मग गाडी. पन,” ते मामांकडे वळले, “मिशीला दुसरी लाइन नसती, येवढं तरी कळाया पायजे.”

मग सगळ्यांनी चहा घेतला. देवळ्याची मंडळी जेवायलाही थांबली. जेवताना थोरले बंधू मला दर दोन घासांनी आजोबांच्या पानात आणखी वाढायला सांगत होते. आजोबाही नाही म्हणत नव्हते.

संध्याकाळी आजोबा खाली दुकानात आले. “ते न बिघडनारं मशीन कोनतं?” त्यांनी विचारलं. मी त्यांना चार नंबरवर बसवलं. इतक्या वर्षांत मी कित्येक म्हाताऱ्या माणसांना कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं. सगळे आधी हात मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, काही बिघडणार नाही ना? आजोबांनी ते विचारलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी कळा दाबायला सुरुवात केली आणि तासाभरात स्क्रीनची अशी अवस्था केली की गुरुजी बघायला उठून आले. मग आजोबांनी स्वतःच बटण दाबून मशीन बंद केलं, चालू केलं, आणि पहिल्यासारखं झालेलं बघून मोठ्याने हसले. असं त्यांनी सात वेळा केलं.

नांदगावहून ते दोन दिवसांसाठी आले होते, पंधरा दिवस राहिले. रोज दहाला खाली, एकला जेवायला, चारला पुन्हा खाली. मामींनी त्यांना आवरायचं कसं ते शिकवलं. गुरुजींनी मोर कसा आणायचा ते शिकवलं. मराठी टाइप करायला मामांनी शिकवलं, पट्टी हातात घेऊन, जसं पूर्वी मुलांना शिकवायचे तसं.

दहाव्या दिवशी आजोबांनी एक मजकूर तयार केला. देवळ्याहून बातमी आणखी चार गावांना गेली होती आणि रोज कुणी ना कुणी टोपी घालून येतच होतं. मजकूर असा होता : ‘कळविण्यास आनंद होतो की मी आहे. तब्येत ठीक. भेटायला येणाऱ्यांनी जेवूनच जावे.’ खाली सही, आणि सहीशेजारी गुरुजींनी काढलेला एक मोर.

आम्ही त्याच्या तीस प्रती काढल्या. आजोबांनी पत्ते स्वतः हाताने लिहिले, तिकिटं स्वतः चिकटवली आणि मला बरोबर घेऊन पोस्टात टाकायला निघाले. पेटीपाशी पोचल्यावर एकेक पाकीट आत सोडताना ते ज्याचं त्याचं नाव मोठ्याने वाचत होते. मागे उभी असलेली बाई ते ऐकून म्हणाली, “काय हो बाबा, लग्नाच्या पत्रिका का?”

“नाय,” आजोबा म्हणाले आणि पुढचं पाकीट उचललं.